डेकचा भार कोण पेलतं?



गेल्या अंकात आपण घरामागच्या लाकडी डेकसाठी लाकूड कसं निवडायचं ते पाहिलं. आज त्याच डेकच्या सांध्यांबद्दल, म्हणजे खिळे, स्क्रू आणि बोल्ट यांच्याबद्दल बोलू.

आपल्यापैकी बरेच जण सिल्वासा-वापीच्या कारखान्यांत काम करतात. बोल्टवरचा ग्रेड वाचल्याशिवाय तो मशीनला लावू देणार नाहीत, अशी ही माणसं. घरी डेक करायचा ठरला की मात्र सगळी चर्चा सागवान घ्यायचं की पाइन आणि पॉलिश कोणतं, यावरच होते. स्क्रू काय, 'सुतार आणतील ते'! डेक कोसळतो तेव्हा फळी क्वचितच मोडलेली असते. बहुतेक वेळा सांधा सुटलेला असतो, आणि त्यातही डेक घराच्या भिंतीला जिथे जोडलेला असतो तो सांधा.

आधी थोडं गणित

समजा डेक ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद आहे, म्हणजे १२ चौरस मीटर. घराच्या बाल्कनीसाठी आपल्याकडचं भारतीय मानक (आयएस ८७५, भाग २) दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ३०० किलो भार धरायला सांगतं. डेकलाही तेच लावू. १२ गुणिले ३०० म्हणजे ३,६०० किलो, आणि लाकडाचं स्वतःचं वजन वेगळं. यातला अर्धा भार पुढच्या खांबांवर जातो आणि अर्धा, म्हणजे १,८०० किलो, भिंतीला लावलेल्या आडव्या तुळईवर. ती तुळई १२ बोल्टांनी धरली असेल तर प्रत्येक बोल्टच्या वाट्याला १५० किलो येतात. नीट बसवलेल्या १२ मिलिमीटरच्या बोल्टला हे जड नाही. पण तोच बोल्ट नुसत्या प्लास्टरात आणि पोकळ विटेत अडकलेला असेल, तर तो कागदावरच भार घेतो.

इतकी माणसं कधी जमणार, असं वाटेल. कोजागरीची रात्र आठवा. मसाला दुधाचे पेले हातात घेऊन सगळे एकाच बाजूला, चंद्र दिसतो त्या कठड्याकडे सरकतात.

टेकवता येईल ते टांगू नका

जुन्या वाड्यांचा कडीपाट पाहिला असेल. कडी तुळईवर टेकलेली, तुळई खांबावर आणि खांब दगडी तळखड्यावर. आपल्या खानवेल-दुधनी भागातल्या वारली आणि कोकणा घरांतही खांबाच्या नैसर्गिक बेचक्यात आडवं लाकूड बसवलेलं दिसतं. दोन्हीकडे तत्त्व एकच आहे. वजन लाकडावरून लाकडावर उतरतं आणि बांधणी किंवा खिळा ते फक्त जागेवर धरून ठेवतो.

डेकमध्येही शक्य तिथे हेच करा. तुळई खांबाच्या बाजूला बोल्टने लटकवण्याऐवजी खांबाला वरून खाच पाडून तीत बसवा, मग आरपार बोल्ट घाला. कड्या भिंतीलगतच्या तुळईला नुसत्या तिरप्या खिळ्यांनी जोडू नका. खाली आधार देणारी लोखंडी खोबण, म्हणजे जॉइस्ट हँगर, लावा. तो तयार मिळाला नाही तर इथले फॅब्रिकेटर पट्टीपासून बनवून देतात. मात्र कापणं, वेल्डिंग आणि भोकं पाडणं हे सगळं आधी करून घ्या आणि मग जस्ताच्या कढईत बुडवून गॅल्व्हनाइज करा. नंतर वेल्डिंग केलं तर तिथलं जस्त जळतं आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो.

भिंतीच्या बाबतीत माझा सल्ला सरळ आहे. अँकर बोल्ट आरसीसीच्या बीममध्ये किंवा कॉलममध्येच घ्या, विटेत किंवा हलक्या ब्लॉकमध्ये नको. गिट्टी ठोकून घातलेला स्क्रू फोटोफ्रेमसाठी ठीक, डेकसाठी नाही. योग्य जागी बीम मिळत नसेल तर भिंतीचा नाद सोडा आणि त्या बाजूलाही खांब उभे करा. स्वतःच्या पायांवर उभा असलेला डेक घराला भोक न पाडता होतो, आणि भिंतीत पाणीही शिरत नाही.

कोणता धातू?

आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात लाकूड वाळतच नाही. म्हणून धातूवर पैसे वाचवू नका.

दुकानात पिवळसर किंवा चकचकीत पांढरे स्क्रू मिळतात. त्यांच्यावर विजेने चढवलेला जस्ताचा थर साधारण ५ ते १२ मायक्रॉनचा असतो. घरातल्या कपाटाला तो पुरे, उघड्यावर नाही. वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या बोल्टचा रंग मळकट राखाडी असतो आणि तो हाताला खरखरीत लागतो. त्याच्यावरचा थर सुमारे ५० मायक्रॉन असतो. दिसायला साधा असला तरी आपल्याला तोच हवा. काळे जिप्सम स्क्रू तर अजिबात नकोत. ते कडक पण ठिसूळ असतात. आडवा भार आला की वाकत नाहीत, तुटतात.

स्टेनलेस घ्यायचं तर ३०४ घ्या. दमणसारख्या किनाऱ्याजवळ घर असेल तर ३१६. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं. बोल्टच्या डोक्यावर 'ए२' कोरलेलं असेल तर ३०४ जातीचं, 'ए४' असेल तर ३१६ जातीचं. बाजारात स्टेनलेस म्हणून स्वस्त २०२ सुद्धा मिळतं. चुंबक लावून ते ओळखता येत नाही, कारण दोन्ही जवळजवळ चिकटत नाहीत. म्हणून बिलावर ग्रेड लिहून घ्या. स्टेनलेसचे बोल्ट आणि जस्त चढवलेले ब्रॅकेट असं मिश्रणही टाळा. ओल्या हवेत जस्त लवकर खाल्लं जातं.

प्रक्रिया केलेलं पाइन घेणार असाल तर आणखी एक गोष्ट. वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून त्यात बहुधा तांब्याचे क्षार मुरवलेले असतात, आणि तांबं साध्या लोखंडाला गंजवतं. तिथे जाड जस्ताचा थर किंवा स्टेनलेस हाच पर्याय.

बसवताना

सागवानात भोक न पाडता स्क्रू मारला तर फळीचं टोक चिरतं किंवा स्क्रूचं डोकं उडतं. आधी बारीक गिरमिट चालवा. फळी २५ मिलिमीटरची असेल तर स्क्रू ६० ते ६५ मिलिमीटर लांब घ्या, आणि प्रत्येक कडीवर दोन. दोन फळ्यांमध्ये ५-६ मिलिमीटर फट सोडा, म्हणजे पाणी खाली जाईल.

बोल्टचं भोक बोल्टपेक्षा एखादा मिलिमीटर मोठं ठेवा, आणि दोन्ही बाजूंना रुंद वायसर घाला. वायसर लाकडाला घट्ट टेकला की थांबा, तो लाकडात रुतेपर्यंत आवळू नका. लाकडाच्या टोकापासून बोल्टच्या जाडीच्या सात पट आणि भार येतो त्या कडेपासून चार पट अंतर राखा. १२ मिलिमीटरच्या बोल्टसाठी हे सुमारे ८५ आणि ५० मिलिमीटर होतं. सगळे बोल्ट एका सरळ रेषेत न घेता वर-खाली घ्या, म्हणजे लाकूड त्या रेषेत चिरणार नाही.

खांब काँक्रीटमध्ये गाडू नका. धातूच्या बुटात बसवून जमिनीपासून थोडा वर ठेवा. आजोबांच्या तळखड्याचंच हे नवं रूप. कठड्याच्या प्रत्येक खांबाला निदान दोन आरपार बोल्ट हवेत, कारण मुलं त्याच्यावर रेलणारच. आणि डेक जमिनीपासून कमरेपेक्षा उंच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला आराखडा दाखवल्याशिवाय कामाला हात घालू नका.

दर वर्षी एकदा

तुमच्यापैकी अनेकांची भावंडं अमेरिकेत आहेत, जिथे घरोघरी डेक असतो. तिथल्या बर्कली शहरात १६ जून २०१५ रोजी वाढदिवसाच्या पार्टीत चौथ्या मजल्याची बाल्कनी कोसळून सहा तरुण गेले. आत पाणी शिरून तिची लाकडं कुजली होती. त्यानंतर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला आणि तीन किंवा अधिक घरांच्या इमारतींतल्या अशा बाल्कन्यांची दर सहा वर्षांनी तपासणी सक्तीची केली. आपल्या बंगल्यामागच्या डेकची तपासणी करायला कोणी येणार नाही. ती आपणच करायची.

त्यासाठी दिवसही सोयीचा आहे. दसऱ्याला आपण अवजारांची पूजा करतो आणि तोवर पाऊस ओसरलेला असतो. पूजेनंतर पाना, टॉर्च आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन डेकखाली जा. लाकूड आकसल्यामुळे सैल झालेले नट आवळा. बोल्टभोवतीच्या लाकडात स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. तो सहज आत गेला तर लाकूड कुजलंय, ते बदला. गंजाचे ओघळ दिसले तर तो बोल्ट काढूनच बघा. मुलांनाही सोबत घ्या. घर कशावर उभं असतं ते त्यांना कळू दे.

कोजागरी त्यानंतर पाचच दिवसांनी असते. तोवर डेक तयार असेल.

पुढच्या अंकात कठडा आणि जिना.