इमामसाहेब जासूस झाले तर?

'फादर ब्राऊन' ही बीबीसीची मालिका युद्धानंतरच्या, १९५० च्या दशकातल्या इंग्रज खेड्यात घडते. चर्चचे फादरच खुनाचा छडा लावतात. मूळ कथा चेस्टरटनच्या. पहिला संग्रह १९११ चा. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आहे, उर्दूत इब्ने सफींचा कर्नल फरीदी. मी वाचलेल्यांत मौलवी जासूस एकही नाही. पडद्यावर मौलवी आलाच तर बहुधा संशयित म्हणून (आता अंगवळणी पडलंय).

कुणी म्हणेल, इस्लाममध्ये हे मना आहे. सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत तजस्सुस, म्हणजे लोकांची गुपितं उकरणं, मना केलंय. 'जासूस' शब्दही त्याच धातूतला. पण फादर ब्राऊनची खरी ताकद दाराला कान लावण्यात नाही. लोक कबुली द्यायला येतात, ते ऐकतात, त्यातून त्यांना माणूस कळतो. एका कथेत तर ते फ्लॅम्बो चोराला नुसतं समजावून हिरे परत मिळवतात आणि त्याला जाऊ देतात.

आपल्यात कबुली नाही, तौबा थेट अल्लाहकडे. तरी रिसोड काय नि मंगरूळपीर काय, मोहल्ल्यातली वाटणीची, तलाकची भांडणं इमामसाहेबांच्या कानावर येतातच. गुन्हेगार ओळखणारा, पण कुणाची अब्रू चव्हाट्यावर न आणणारा इमाम मराठीत कुणीतरी लिहावा. पोलीस पाटलाशी त्याचं कसं जमतं, ते मला वाचायचंय.