एकच चिप, चौपट किंमत: वर्कस्टेशनची ग्राफिक्स कार्डं इतकी महाग का असतात?

जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने गेमर्ससाठी आरटीएक्स ५०९० हे ग्राफिक्स कार्ड जाहीर केलं. त्याची अमेरिकेतली किंमत होती १,९९९ डॉलर. दोन महिन्यांनी याच कंपनीने व्यावसायिकांसाठी आरटीएक्स प्रो ६००० आणलं आणि त्याची किंमत आठ हजार डॉलरच्या पुढे गेली.

दोन्ही कार्डांच्या पोटात चिप मात्र एकच आहे, जीबी२०२. गेमिंग कार्डात तिचा थोडा जास्त भाग बंद ठेवलेला असतो. त्यामुळे तिथे २१,७६० कोअर चालतात, तर प्रो कार्डात २४,०६४. फरक साधारण १० टक्क्यांचा. मग चौपट पैसे कशाचे?

आर्किटेक्चर, थ्रीडी अॅनिमेशन, व्हीएफएक्स किंवा मशीन डिझाइनमध्ये काम करणाऱ्यांसाठी हा प्रश्न थेट खिशाशी जोडलेला आहे. मोठा स्टुडिओ हा खर्च प्रोजेक्टच्या बजेटमध्ये बसवतो. फ्रीलान्सर किंवा विद्यार्थ्याला मात्र तो स्वतःच करावा लागतो, वर १८ टक्के जीएसटीही भरावा लागतो.

जास्तीच्या पैशात काय मिळतं?

सगळ्यात मोठा फरक मेमरीचा. ५०९० मध्ये ३२ जीबी मेमरी आहे, प्रो ६००० मध्ये ९६ जीबी. अख्ख्या विमानाचं थ्रीडी मॉडेल किंवा सिनेमातला गुंतागुंतीचा सीन कार्डाच्या मेमरीत मावला नाही, तर काम रखडतं किंवा सॉफ्टवेअर बंद पडतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ईसीसी. मेमरीत साठवलेला एखादा शून्य क्वचित आपोआप एक होतो. गेममध्ये एखाद्या पिक्सेलचा रंग चुकला तर कुणाला कळतही नाही. पण पुलावर किती भार येईल याचं गणित रात्रभर चालू असेल, तर ती चूक महागात पडू शकते. ईसीसी अशा चुका पकडून दुरुस्त करते. बहुतेक गेमिंग कार्डांत ही सोय नसते.

तिसरी गोष्ट सर्टिफिकेशन. सॉलिडवर्क्स, ऑटोडेस्क, सीमेन्स यांसारख्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरसोबत प्रो कार्डं आणि त्यांचे ड्रायव्हर तपासले जातात. काही बिघडलं, तर 'तुमचं कार्ड आमच्या यादीत नाही' असं सांगून सॉफ्टवेअर कंपनीला हात झटकता येत नाहीत.

याशिवाय रचनाही वेगळी असते. ५०९० ला ५७५ वॅटपर्यंत वीज लागते. प्रो ६००० ची मॅक्स-क्यू आवृत्ती ३०० वॅटवर चालते आणि एकाच मशीनमध्ये अशी चार कार्डं शेजारी शेजारी बसवता येतात.

मग वाद कशावरून?

वाद आहे तो मुद्दाम लावलेल्या कुलपांवरून. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २०१७ मधलं आहे. त्या वर्षी जूनमध्ये एएमडीने व्हेगा फ्रंटियर एडिशन हे कार्ड आणलं. महिनाभरात एनव्हिडियाने आपल्या टायटन एक्सपी कार्डासाठी नवा ड्रायव्हर दिला आणि मायासारख्या सॉफ्टवेअरमध्ये वेग तिपटीपर्यंत वाढेल, असं सांगितलं. कार्ड तेच होतं, चिपही तीच. बदललं होतं फक्त सॉफ्टवेअर. म्हणजे तो वेग कार्डात आधीपासूनच होता. समोर स्पर्धक आल्यावर तो मोकळा झाला.

असंच एक कुलूप २०१९ मध्ये उघडलं. तोपर्यंत फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये १०-बिट रंग दाखवण्याची सोय एनव्हिडियाने प्रो कार्डांपुरती राखून ठेवली होती. १०-बिटमध्ये १०७ कोटी छटा दिसतात, ८-बिटमध्ये सुमारे १ कोटी ६७ लाख. त्या वर्षी जुलैमध्ये ही सोय जीफोर्स कार्डांनाही मिळाली, तीही ड्रायव्हरच्या अपडेटमधून.

एक कुलूप कागदावरचंही आहे. २०१७ च्या अखेरीस एनव्हिडियाने परवान्याच्या अटी बदलल्या आणि जीफोर्सचं सॉफ्टवेअर डेटा सेंटरमध्ये वापरायला मनाई केली.

एआयमुळे काय बदललं?

सॉफ्टवेअरची कुलपं सैल झाली, पण मेमरीची भिंत कायम आहे आणि एआयमुळे तीच सर्वांत मोलाची ठरली आहे. ७० अब्ज पॅरामीटरचं भाषा मॉडेल ४-बिटमध्ये दाबून बसवलं, तरी त्याला किमान ३५ जीबी मेमरी लागते. ३२ जीबीच्या कार्डात ते पूर्ण मावत नाही, ४८ जीबीच्या कार्डात मावतं. गेमिंग कार्डावर किती मेमरी द्यायची हे कंपनी ठरवते आणि ती मेमरी ग्राहकाला नंतर वाढवता येत नाही.

कंपनीसाठी हा हिशेब सरळ आहे. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाला डेटा सेंटरमधून सुमारे ११५ अब्ज डॉलर, गेमिंगमधून ११ अब्जांच्या वर आणि वर्कस्टेशनच्या विभागातून जेमतेम १.९ अब्ज डॉलर मिळाले. स्वस्त कार्डात भरपूर मेमरी दिली, तर महागड्या कार्डांचा ग्राहक तिकडे वळण्याची भीती असते.

पर्याय आहेत. एएमडीचं ४८ जीबीचं रेडिऑन प्रो डब्ल्यू७९०० हे कार्ड २०२३ मध्ये ३,९९९ डॉलरला आलं, तेव्हा एनव्हिडियाच्या ४८ जीबीच्या कार्डाची किंमत ६,८०० डॉलर होती. इंटेलने २०२५ मध्ये १६ जीबीचं आर्क प्रो बी५० अवघ्या ३४९ डॉलरला आणलं. अडचण अशी की एआय आणि रेंडरिंगची बरीच सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्या 'कूडा' या प्रणालीभोवती बांधलेली आहेत. त्यामुळे स्वस्त कार्ड घेऊनही काम अडू शकतं.

कुणी काय घ्यावं?

ब्लेंडर, व्हिडिओ एडिटिंग किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी गेमिंग कार्ड आणि एनव्हिडियाचा मोफत स्टुडिओ ड्रायव्हर बहुतेकांना पुरतो. सॉलिडवर्क्सवर रोजचं काम असेल, तर त्यांच्या वेबसाइटवरची सर्टिफाइड कार्डांची यादी आधी पाहावी. त्यात कमी किमतीची प्रो कार्डंही असतात. सध्याच्या सर्वांत मोठ्या फाइलला किती मेमरी लागते, हे विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये दिसतं. तो आकडा हातातल्या कार्डात आरामात मावत असेल, तर ९६ जीबीसाठी चौपट पैसे मोजण्याचं कारण उरत नाही.