कपाशीचे अनुदान आणि दोन दुकानदार

पेढीवर बसणाऱ्याला सरकारी हप्त्याचा दिवस वेगळा सांगावा लागत नाही. 'पीएम किसान'चे दोन हजार जमा झाले की जुनी उधारी थोडीफार हलते. मात्र हा हप्ता जमिनीच्या नोंदीवरून मिळतो. जमीन वाट्याने कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, म्हणून तो त्यातून वगळला जातो. नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेतील आर्कान्सॉ राज्याच्या पॉइन्सेट काउंटीत, म्हणजे तिकडच्या एका जिल्ह्यात, हाच प्रश्न पेटला होता. त्यात पुढाकार घेणाऱ्यांत दोन दुकानदार होते, म्हणून आपल्या वाचकांसाठी ही हकिकत.

१९२९ साली पौंडाला सुमारे १७ सेंट असलेला कापूस १९३२ मध्ये सात सेंटांच्याही खाली आला. मे १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारने कायदा केला: पेरा कमी करा, भाव चढेल, आणि न पेरल्याचे पैसे सरकार देईल. तोवर कपाशी शेतात उभी होती. तेव्हा सुमारे एक कोटी एकरांवरील उभे पीक पैसे देऊन नांगरून टाकण्यात आले. भाव चढला, हे मान्य केलेच पाहिजे.

पण पुढील दोन वर्षांच्या कराराचा हिशोब हिशोबी माणसानेच वाचावा. पडीक ठेवलेल्या जमिनीच्या अपेक्षित उत्पन्नावर पौंडामागे साडेतीन सेंट 'खंड' मिळे. अर्धेलीच्या जमिनीवर तो सारा मालकाचा. शिवाय एक सेंट भावफरकाचा. तो पिकाच्या वाट्याप्रमाणे वाटायचा. म्हणजे मालकाला चार सेंट आणि कसणाऱ्याला अर्धा. तोही मालकाच्या हातून, आणि कसणारा बहुधा आधीच मालकाच्या उधारीत बुडालेला!

पेराच घटला, तर माणसे कशाला ठेवायची? बटाईदारांची संख्या 'शक्य तोवर' कायम ठेवावी, असे कलम करारात होते. या दोन शब्दांतून मळेवाले सहज निसटले. टायरॉन्झा गावाजवळच्या एका मळ्यावरून वीसहून अधिक कुटुंबे काढली गेली.

त्या गावात हॅरी मिचेल यांचे कपडे ड्रायक्लीन करण्याचे दुकान होते आणि शेजारीच क्ले ईस्ट यांचा पेट्रोल पंप. गिऱ्हाइकाच्या खिशात काय उरले, हे दुकानदाराला सरकारी अहवालाच्या आधी कळते. जुलै १९३४ मध्ये ११ गोरे आणि ७ कृष्णवर्णीय एकत्र बसले आणि बटाईदारांची संघटना उभी राहिली. हे दोघे तिच्या संस्थापकांत होते. त्या काळच्या दक्षिणेत दोन्ही वर्णांचे लोक एका संघटनेत असणे हेच धाडस होते. मळेवाल्यांचा रोष इतका वाढला की तिचे कार्यालय मेम्फिस शहरी हलवावे लागले. वॉशिंग्टनमध्ये शेती खात्याच्या ज्या कायदेतज्ज्ञांनी त्या कलमाचा अर्थ बटाईदारांच्या बाजूने लावला, त्यांना फेब्रुवारी १९३५ मध्ये नारळ मिळाला. जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योजनेचा कणाच मोडला. त्या खटल्यात वाद कराचा आणि सरकारच्या अधिकाराचा होता, अर्ध्या सेंटाचा नव्हता. अनुदान मात्र त्याच वर्षी दुसऱ्या कायद्याने परत आले.

आता आपल्या घरात डोकावू. आपल्यापैकी अनेकांची वडिलोपार्जित शेती आहे आणि ती दुसराच कोणी कसतो. आयकर भरणाऱ्या कुटुंबाला 'पीएम किसान'चा हप्ता घेता येत नाही. आयकर पतीचा आणि सातबारा पत्नीचा, ही पळवाटही नाही. नियमात पती, पत्नी आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरले आहे. नजरचुकीने असा हप्ता जमा होत असेल, तर तो परत करावा.

कसणाऱ्यासाठी मालकाला करता येण्याजोगे आणखी एक काम आहे. पीक विमा वाट्याने कसणाऱ्यालाही मिळू शकतो; आपल्या राज्यात त्यासाठी नोंदणीकृत करार लागतो. कूळ लागेल या धास्तीने आपण तो टाळतो. आमच्याही घरी वडिलांपासून सारे तोंडीच चालत आले होते. गेल्या खरिपाआधी आम्ही वकिलांकडून मसुदा तपासून घेतला, मुदत लिहिली आणि करार नोंदवला. नोंदणीचा खर्च आम्ही केला. विम्याचा अर्ज आमच्या वाटेकऱ्याने स्वतःच्या नावाने भरला.