दांतांना तार लावण्यापूर्वीं

मुलीच्या लग्नाच्या गोष्टी घरांत निघूं लागल्या म्हणजे तिच्या पुढें आलेल्या दांतांकडे वडीलमंडळींचें एकाएकीं लक्ष जातें, आणि सहा महिन्यांत तेवढे दांत सरळ करून मिळतील काय, अशी पृच्छा दंतवैद्याकडे होते. ही घाई आम्हांस मुळींच पसंत नाहीं. मुलाच्या वेड्यावांकड्या दांतांविषयीं अशी पृच्छा क्वचितच होते, हेंही जातां जातां नमूद करून ठेवतों.

दांत हा हाडांत खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ व हाड यांच्यामध्यें सूक्ष्म तंतूंचा पातळ थर असतो. तारेनें मंद दाब दिला कीं पुढच्या बाजूचें हाड हळूहळू विरघळतें व मागें पडलेल्या जागेंत नवें हाड भरून येतें. अशा रीतीनें दांत महिन्याकाठीं सुमारें 1 मिलिमीटर सरकतो. दाब वाढविल्यानें काम लवकर उरकत नाहीं. उलट मुळांस इजा होण्याचा संभव वाढतो. म्हणूनच पुष्कळांना दीड ते अडीच वर्षें तार वागवावी लागते, व दर 4 ते 8 आठवड्यांनीं दंतवैद्याकडे खेप घालावी लागते. मोठ्या वयांतही हा उपचार होतो. मात्र हिरड्या निरोगी हव्यात. मुलांचे दांत सातव्या वर्षाच्या सुमारास एकदां तज्ज्ञास दाखवावे. तार बहुधा दुधाचे दांत पडून गेल्यावरच, 11 ते 13 वर्षांच्या दरम्यान, लावतात.

जबड्यांत जागा अपुरी असली तर सुळ्यांमागच्या उपदाढा काढाव्या लागतात. धडधाकट दांत उपटणें घरांतील वृद्धांना अघोरी वाटतें, व तें स्वाभाविकच आहे. परंतु दाटीवाटीनें उभ्या असलेल्या दांतांना सरकावयाचें कोठें? क्ष-किरण-चित्रें समोर ठेवून दंतवैद्याकडून हें नीट समजावून घ्यावें.

तार बसविल्यावर तीन-चार दिवस दांत ठणकतात, गाल सोलवटतो. टोंचणाऱ्या जागीं लावण्यास मेण मिळतें. तेवढे दिवस मऊ मेतकूट-भात किंवा खिचडी द्यावी. पुढें खरें पथ्य एकत्र कुटुंबांतच अवघड जातें. आई चिक्की, कडक चकली व ऊस वर्ज्य म्हणून सांगते, आणि काकू प्रेमानें तींच मुलाच्या हातावर ठेवते! पेरू बारीक फोडी करून खाण्यास हरकत नाहीं. दांत घांसण्याचा आळस केल्यास मात्र तार निघाल्यावर दांत सरळ, पण पांढऱ्या डागांनीं भरलेले दिसतात.

हल्लीं पारदर्शक साच्यांची चलती आहे. ते दिवसाचे 20 ते 22 तास घालावे लागतात. विसराळू मुलास तारच बरी, असें आमचें मत आहे.

तार निघाली कीं घरांत पेढे वांटले जातात, आणि येथेंच बहुतेकांची गफलत होते. मोकळे झालेले दांत पूर्वस्थानीं परतूं पाहतात. त्यांना जागीं ठेवणारें रिटेनर प्रथम कांहीं महिने दंतवैद्य सांगेल तितका वेळ, व पुढें कित्येक वर्षें रात्रीं वापरावें लागतें. खर्च ठरवितांना त्याची किंमत धरली आहे कीं नाहीं, हें आधींच विचारावें. तें गरम पाण्यांत धुऊं नये, आकार बिघडतो. जेवतांना तें कागदांत गुंडाळून ताटाशेजारीं तर मुळींच ठेवूं नये. उष्ट्या-खरकट्याबरोबर तें केरांत जातें. त्यासाठीं एक डबी करावी आणि ती पाटाजवळ नव्हे, फळीवर ठेवावी.