चित्रकलेच्या बाई



गेल्या आठ मार्चच्या आमच्या मोर्चातला कापडी फलक तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल. डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली कोळीण, तिचा एक हात कमरेवर आणि मागे खाडी. खूप कौतुक झालं त्याचं. तो रंगवणारी मुलगी एकोणीस वर्षांची आहे, रेवदंडा-मुरूड पट्ट्यातल्या एका कोळीवाड्यात राहते. आई मासळी विकते, वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. दोन रात्री जागून तिने तो फलक रंगवला. आम्ही तिला एस.टी.चं भाडं दिलं, जेवू घातलं आणि टाळ्या वाजवल्या. मंडपवाल्याचं बिल मात्र त्याच संध्याकाळी चुकतं केलं.

यात काही चुकलं, हे तेव्हा कुणालाच जाणवलं नाही. मलाही नाही. जूनमध्ये तिची आई बैठकीला आली आणि म्हणाली, "ताई, पोरीला ड्रॉइंगची बाई व्हायचंय म्हणते. त्यात पोट भरतं का, एवढं सांगा." मी समाजकार्यात एम.ए. केलंय, दहा-बारा वर्षं या किनाऱ्यावर काम करतेय, पण मला उत्तर देता आलं नाही. ते शोधताना जे कळलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

शिकण्याची वाट आहे. शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा द्यायच्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. या मुलीने दोन्ही दिल्या आहेत. पुढे कलाशिक्षक पदविका, म्हणजे ए.टी.डी., किंवा विद्यापीठाची चार वर्षांची बी.एफ.ए. तिला विद्यापीठात जायचं आहे. राज्य शासनाने २०२४ मध्ये वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क माफ करण्याचा निर्णय घेतला, तो चांगलाच आहे. पण चित्रकलेचा खरा खर्च फीच्या पावतीवर दिसत नाही. कागद, रंग, ब्रश, बोर्ड दर महिन्याला लागतात. मुंबईत राहायला जागा लागते, कारण आमच्या गावाहून रोज जाऊन येणं शक्य नाही आणि पावसाळ्यात गेटवेची लाँचही बंद असते. त्यात प्रवेशाचे दिवस नेमके जून-जुलैचे. तेव्हा मासेमारी बंद असते. बोट किनाऱ्यावर ओढलेली, वडिलांना काम नाही आणि घर चालतं ते आईने उन्हाळ्यात सुकवून ठेवलेल्या मासळीवर. वेळापत्रक ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हे घर कधी आलेलंच नसतं.

घरातून होकार मिळाला, पण कशासाठी, तेही पाहायला हवं. काका म्हणाले, "शिक्षिका झाली तर बरं, दुपारी घरी येईल, सुट्ट्या असतात, स्थळं चांगली येतील." तिची चित्रं हा कुणाच्याच विचाराचा विषय नव्हता. बाईच्या हातातली कला रांगोळी आणि मेंदीपर्यंत सगळ्यांना आवडते. तिची मजुरी ठरवायची वेळ आली की ती हौस ठरते. आपल्याच जिल्ह्यात पेणचे गणपती कारखाने आहेत. मी पाहिलेल्या कारखान्यांत बायका मूर्ती घासतात, रंगाचे पहिले हात मारतात, पण डोळ्यांची आखणी हे मानाचं काम बहुतेक पुरुषांकडे असतं.

चित्रकलेचं शिक्षण बायकांना नवीन नाही. अंबिका धुरंधर १९३१ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका मिळवून बाहेर पडल्या. पण त्यांचे वडील, चित्रकार म. वि. धुरंधर, त्याच संस्थेत शिकवत होते, घरात रंगांचाच वास होता. नागपूरजवळच्या बेला गावच्या बी. प्रभा जे. जे.मध्ये शिकल्या आणि त्यांनी कोळणींची चित्रं काढून नाव मिळवलं. कोळीण चित्राचा विषय म्हणून कलादालनात कधीच पोचली. कोळणीची मुलगी हातात ब्रश घेऊन तिथे किंवा निदान गावच्या शाळेच्या वर्गात फळ्यासमोर उभी राहणार का, हा आपला प्रश्न आहे.

आणि उभी राहिली, तर पगार? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरावर मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक असावेत असं म्हटलं आहे. अर्धवेळ, हा शब्द नीट वाचा. शंभराच्या आत पट असेल तर तेही नाही, आणि आमच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी शाळांचा पट त्याहून कमी आहे. गणिताला शिक्षक लागतो, चित्रकलेला तासावर येणारं कुणीतरी चालतं. असं अर्धवेळ, कमी मोलाचं काम शेवटी बायकांच्या वाट्याला येतं, हे आपण अंगणवाडीत आणि आशाताईंच्या बाबतीत पाहिलं आहे.

पण हा फक्त एका नोकरीचा प्रश्न नाही. याच मुलीने सातवीत 'माझी आई' या विषयावर धक्क्यावर लिलावात बोली लावणारी आई काढली होती. शिक्षकांनी सांगितलं, "आई घरात दाखव, छान दिसेल." तिने चूल काढली. मार्क चांगले मिळाले. आपण पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांवर इतकी वर्षं बोलत आलो, आई कायम स्वयंपाकघरात का म्हणून विचारत आलो. पण मुलांच्या स्वतःच्या वहीतलं चित्र कोण तपासतं, तिकडे आपण फारसं पाहिलं नाही. धक्क्यावरची आई जिला माहीत आहे, अशी बाई त्या वर्गात हवी.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने निम्म्या जागा महिलांच्या आहेत. तिथे बसणाऱ्या आपल्या मैत्रिणींनी पुढच्या बैठकीत विचारावं, आपल्या शाळेत चित्रकला कोण शिकवतं, त्यांची नेमणूक कशी आहे, मोबदला किती आणि वेळेवर मिळतो का. दुसरं, बचत गटांनी जून-जुलैत मुलींच्या शिक्षणासाठी वेगळं कर्ज ठेवावं, मासेमारी सुरू झाल्यावर फेडण्याच्या बोलीवर. आमच्या गटाने यंदा ते केलं. तिसरं, आपल्या मोर्च्यांचे फलक, पोस्टर, अंकाचं मुखपृष्ठ जी मुलगी करते, तिला मोबदला द्यावा, आणि चित्राखाली नाव घालायचं का, हे तिला विचारावं.

त्या मुलीला प्रवेश मिळाला आहे. मार्चच्या फलकाचे पैसे आम्ही तिला ऑगस्टमध्ये दिले, उशिरा आणि ओशाळून. त्यातून तिने कागद घेतले. तिच्या आईच्या प्रश्नाला मात्र मी अजून 'हो' म्हणू शकलेले नाही. ती दर बैठकीला तो विचारते, आणि तिने विचारत राहावं असं मला वाटतं.

तुमच्या भागातल्या शाळांत काय परिस्थिती आहे? जरूर लिहा. पुढच्या अंकात ते एकत्र मांडू.