अमृतांजन पूल गेला, नाव राहिलं: 'नसा, पचन आणि सर्वांगीण आरोग्या'च्या टॉनिकचे दावे कोण तपासतं?

मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर कोंडी झाली की बातमीत हमखास एक ठिकाण येतं: 'अमृतांजन पुलाजवळ'. हा पूल आता नाही. खंडाळ्याजवळचा १८३० मधला हा ब्रिटिशकालीन पूल रस्ते विकास महामंडळाने ५ एप्रिल २०२० रोजी नियंत्रित स्फोटाने पाडला. लॉकडाऊनमुळे तेव्हा एक्स्प्रेस वे जवळपास रिकामा होता. पुलाच्या खांबांमुळे तिथे वाहतुकीला अडथळा व्हायचा.

पुलाचं नाव कुणा गव्हर्नराचं नव्हतं. ते पडलं डोकेदुखीच्या बामच्या जाहिरातीवरून. काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन सुरू केलं. याच नागेश्वर रावांनी पुढे १९०८ मध्ये मुंबईतूनच 'आंध्र पत्रिका' हे तेलुगू साप्ताहिक काढलं.

औषधाच्या जाहिरातीत किती ताकद असते, याचं याहून मोठं उदाहरण मावळात सापडणार नाही. अमृतांजन बाहेरून लावायचा बाम आहे. प्रश्न जास्त गंभीर होतो तो पोटात घ्यायच्या बाटलीबाबत. 'नसांना बळ, पचनाला मदत, सर्वांगीण आरोग्य' असं लिहिलेलं टॉनिक आजही मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं. त्यावरचं वाक्य कोण तपासतं?

'पेटंट' म्हणजे पेटंट नव्हे

आयुर्वेदिक औषधांचे कायद्यात दोन मुख्य गट आहेत. पहिला, कायद्याच्या यादीतल्या ग्रंथांमध्ये जसं सांगितलंय तसं बनवलेलं औषध. च्यवनप्राश, द्राक्षासव, अश्वगंधारिष्ट ही त्यातली. दुसरा गट 'पेटंट किंवा प्रोप्रायटरी' औषधांचा. यात घटक ग्रंथातले असतात, पण त्यांचं मिश्रण कंपनीचं स्वतःचं असतं. पेटंट कार्यालयाने दिलेल्या पेटंटशी या शब्दाचा संबंध असेलच असं नाही. बहुतेक टॉनिकं याच गटात येतात.

पहिल्या गटाला परवाना मिळवताना परिणामकारकतेची नवी चाचणी करावी लागत नाही. ग्रंथाचा आधार पुरतो. दुसऱ्या गटाकडून प्रकाशित साहित्य आणि पायलट स्टडी, म्हणजे छोटा प्राथमिक अभ्यास, अपेक्षित असतो. अॅलोपॅथीच्या नव्या औषधाला हजारो रुग्णांवरच्या चाचण्यांमधून जावं लागतं. 'सरकारी परवाना आहे' हे दोन्हीकडे खरं असलं तरी त्यामागचा पुरावा सारखा नसतो.

५४ आजारांची यादी, आणि तिच्यातली फट

जाहिरातीसाठी वेगळा कायदा आहे: १९५४ चा 'औषधे आणि जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिरात) कायदा'. त्याच्या अनुसूचीत ५४ आजार आणि अवस्था आहेत. त्या बऱ्या करण्याचा दावा जाहिरातीत करता येत नाही. 'जाहिराती'ची व्याख्याही रुंद आहे. लेबल, वेष्टन, पत्रक, तोंडी घोषणा, इतकंच काय, प्रकाश, आवाज किंवा धूर वापरून दिलेला संदेशही तिच्यात येतो. म्हणजे घाटातलं होर्डिंगही आलं आणि आठवडी बाजारातला भोंगाही.

यादीत मधुमेह, कर्करोग आणि हृदयविकार आहेत. 'मज्जासंस्थेचे विकार' आहेत आणि 'मज्जातंतूंचा अशक्तपणा'ही स्वतंत्रपणे आहे. पचनसंस्थेतले अल्सर आहेत. पण साधं अपचन नाही, भूक मंदावणं नाही, थकवा नाही. आणि 'सर्वांगीण आरोग्य' हा आजारच नसल्याने तो यादीत असण्याचा प्रश्न येत नाही.

लेबलवरची भाषा मोघम का असते, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. 'नसांचा विकार बरा करतं' असं लिहिलं तर गुन्हा होऊ शकतो. 'नसांना पोषण देतं' असं लिहिलं तर तो सिद्ध करणं अवघड. आजाराचं नाव जितकं कमी, तितकी कंपनी सुरक्षित. ग्राहक मात्र दोन्ही वाक्यं एकाच अर्थाने वाचतो.

शिक्षाही जुन्याच आहेत. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत. यादी ७८ आजारांपर्यंत वाढवून लाखांमध्ये दंड करण्याचा मसुदा केंद्राने फेब्रुवारी २०२० मध्ये आणला होता. त्याचा कायदा झालेला नाही.

नियम १७० चं काय झालं?

डिसेंबर २०१८ मध्ये औषध नियमांत 'नियम १७०' आला. आयुर्वेदिक, सिद्ध किंवा युनानी औषधाच्या जाहिरातीसाठी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची आधी मंजुरी घेणं त्याने बंधनकारक केलं. उत्पादकांनी त्याला कोर्टात आव्हान दिलं. ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष मंत्रालयाने राज्यांना या नियमाखाली कारवाई करू नका, असं पत्र पाठवलं.

त्याआधी २०२२ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली होती. या प्रकरणात २०२४ मध्ये कंपनीला वर्तमानपत्रांतून जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी १ जुलैला केंद्राने नियम १७० वगळला आणि २७ ऑगस्टला न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. पुढे ११ ऑगस्ट २०२५ ला न्यायालयाने प्रकरण निकाली काढलं आणि स्थगितीही उठली. ज्यांचा आक्षेप असेल त्यांनी उच्च न्यायालयात जावं, असं न्यायालयाने सांगितलं.

थोडक्यात, आधी तपासणी आणि मग जाहिरात, ही व्यवस्था गेली. उरली ती जाहिरात आल्यानंतरची तक्रार.

मोजून बघता येतं का?

'हे शास्त्र वेगळं, ते मोजता येत नाही' असा युक्तिवाद अनेकदा होतो. त्याला उत्तर लोणावळ्यातच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये इथे कैवल्यधाम स्थापन केलं आणि 'योग मीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय होतं, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून पाहिलं. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी आकड्यांत नोंदवलं. शंभर वर्षांपूर्वी, तुटपुंज्या साधनांनी. आजच्या टॉनिक कंपनीकडे साधनं नाहीत, असं म्हणणं पटत नाही.

यात धोका फक्त पैशांचा नाही. पायांना मुंग्या येणं हे बी-१२ च्या कमतरतेचं लक्षण असू शकतं, तसंच मधुमेहाचंही. भूक जाणं आणि वजन घटणं यामागे क्षयरोग असू शकतो. दोन-तीन बाटल्या संपेपर्यंत वाट पाहिली, की निदान तितकं लांबतं. अनेक सिरपमध्ये साखर असते, त्यामुळे मधुमेह असलेल्याला बाटलीचाच त्रास होऊ शकतो. आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेला मद्यार्क असतो, हेही घरात अनेकांना ठाऊक नसतं.

आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर घटक आणि त्यांचं प्रमाण, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचा पत्ता असावा लागतो. अनुसूचीतला विषारी घटक असेल तर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचनाही. महाराष्ट्रात या परवान्यांचं काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे आणि तक्रारही तिथे करता येते. आयुष मंत्रालयाने ३० मे २०२५ रोजी 'आयुष सुरक्षा' पोर्टल सुरू केलं असून दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची माहिती त्यावर नोंदवता येते. तक्रारीसोबत जाहिरातीचा फोटो आणि बाटलीवरचा परवाना क्रमांक जोडलेला बरा.