फुकट वापरतो, तर चार ओळी लिहायला काय हरकत?

व्यापारी बंधूंनो, उधारीची वही आता आपल्यापैकी अनेकांनी संगणकावर नेली आहे. मी लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये ठेवतो. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याला पैसे पडत नाहीत, आणि दुसऱ्याला देण्याचीही परवानगी आहे.

२०२३ साली माझी चांगलीच फजिती झाली. ५ जूनचे बिल मी ५/६/२०२३ असे लिहिले. संगणकाने ते ६ मे धरले. तीस दिवसांची उधारी असल्याने बिलाच्या दिवशीच मुदत भरली! माल पोहोचून आठवडा झाला नाही तोच जुन्या गिऱ्हाइकाकडे तगादा गेला. त्यांनी पैसे पाठवले, पण पुढे दोन महिने माल उचलला नाही. १३ तारखेपासूनच्या तारखा तर संगणकाने तारखा म्हणून घेतल्याच नव्हत्या. त्या रकान्याच्या डाव्या कडेला नुसत्या अक्षरांसारख्या पडून होत्या. ती खूण मला तेव्हा कळायला हवी होती.

दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. भाषेच्या सेटिंगमध्ये अमेरिका होते, आणि तेथे महिना आधी लिहितात. 'इंग्रजी (भारत)' केले की पुढच्या नोंदी बरोबर होतात. आधीच्या मात्र आपोआप सुधारत नाहीत, त्या वेगळ्या दुरुस्त कराव्या लागतात.

सेटिंगची माहिती मार्गदर्शिकेत असते. पण आपली अडचण कोणत्या प्रकरणात शोधायची, हे नवख्याला कसे कळावे? जाणकार माणूस आपण स्वतः कोठे अडखळलो होतो ते विसरून गेलेला असतो. मागावरचा जॉबर हाताने ताण जुळवतो, विचारले तर सांगता येत नाही. तो गेला की ते कसबही गेले.

ही पुस्तके कोणी पगारी मुनीम लिहीत नाही. लिबरऑफिसचे काम २०१० पासून द डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था पाहते, आणि मार्गदर्शिका मुख्यतः स्वयंसेवक तयार करतात. एकजण एक प्रकरण घेतो, नव्या आवृत्तीवर प्रत्येक पायरी करून पाहतो, बदललेले शब्द आणि चित्रे दुरुस्त करतो. मग दुसरा तपासतो. वर्षातून दोन मोठ्या आवृत्त्या येतात, त्यामुळे पुस्तक नेहमीच मागे पडते. हात कमी आहेत. या कामाला प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. हातभार लावणाऱ्यांची नावे पुस्तकाच्या सुरुवातीलाच छापतात.

आपले लोक म्हणतात, "आम्ही कापडवाले, लिहिणे आमचे काम नाही." मला हे पटत नाही. पेठेत फुकटचा माल घेऊन परतफेड न करणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते येथे लिहीत नाही! उधारी, तागे, दलाली यांचे हिशोब आपल्याइतके कोणाला कळतात? परवान्यानुसार या पुस्तकांचे मराठी-उर्दू भाषांतर करण्यासही मोकळीक आहे.

माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले, इंग्रजी कच्चे. म्हणून मी उर्दूत सांगतो आणि भाचा इंग्रजीत उतरवतो. रात्री दुकान बंद झाल्यावर अर्धा तास बसतो. तारखांविषयीचा एक परिच्छेद तयार झाला आहे. पाठवण्यापूर्वी तो अशा कोणी व्यापारी भावाने आपल्या संगणकावर करून पाहावा, ज्याने हे सेटिंग कधी उघडलेलेच नाही. तो जेथे अडेल, तेथे आमचे लिहिणे चुकले असे आम्ही समजू.